शीतगृहात काम करणाऱ्यांसाठी उबदार आणि लवचीक कपड्यांची निवड

महाराष्ट्रात थंडीच्या कपड्यांचा विषय निघाला की बहुतेकांना निफाडचा जानेवारी किंवा हिमालयातली सहल आठवते. पण या राज्यातली सर्वांत कडक थंडी बाराही महिने बंद दाराआड असते. द्राक्षांच्या शीतगृहात तापमान शून्य अंशाच्या आसपास आणि हवेतील आर्द्रता 90 ते 95 टक्के राखलेली असते. गोठवलेली मासळी किंवा वाटाणा ठेवण्याच्या खोल्या उणे 18 अंश किंवा त्याहून थंड असतात, आइस्क्रीमच्या गोदामांत पारा उणे 20 ते 25 अंशांपर्यंत जातो आणि माल झपाट्याने गोठवणाऱ्या ब्लास्ट फ्रीझरमध्ये तो उणे 35 ते 40 अंशांपर्यंत उतरतो. मे महिन्यात तळोज्यासारख्या औद्योगिक वसाहतीत गाडीतून माल उतरवणारा कामगार 38 अंशांच्या उकाड्यातून दार ढकलून आत शिरतो आणि काही पावलांत जवळजवळ साठ अंशांचा फरक ओलांडतो. एका पाळीत असे त्याला कितीतरी वेळा करावे लागते.

पर्यटकांसाठी शिवलेले फुगीर जाकीट या कामगाराला फारसे उपयोगी पडत नाही, याचे कारण या ये-जा करण्यातच आहे. पर्यटक थंडीत जातो आणि थंडीतच राहतो. त्याच्या पाठीवर पिशवी असली, तरी त्याला तासाला शेकडो क्रेट उचलून खांद्याच्या वर रचायचे नसतात. शीतगृहातल्या कपड्यांना घाम सोसावा लागतो, वाकणे-उचलणे सोसावे लागते आणि दमट हवेत वारंवार बाहेर येणेही सोसावे लागते. त्यामुळे निवड करताना कपडा किती जाड आहे यापेक्षा तो कोरडा किती राहील आणि अंगाबरोबर किती वळेल, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. बाजारात नेमका याच्या उलट क्रम लावलेला दिसतो.

ऊब कशामुळे टिकते

कपडा स्वतः उष्णता निर्माण करत नाही. उष्णता शरीर निर्माण करते आणि कपड्याच्या तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा ती बाहेर जाऊ देत नाही. ही स्थिर हवा तीन कारणांनी नाहीशी होते. पहिले कारण दाब: घट्ट कपड्यात, वाकलेल्या गुडघ्यावर किंवा खोके टेकलेल्या खांद्यावर भरण चेपले जाते आणि तेवढ्या जागी ऊब संपते. दुसरे कारण ओल: पाणी हवेच्या सुमारे 25 पट उष्णता वाहून नेते, म्हणून घामाने ओला झालेला जाड स्वेटर कोरड्या पातळ स्वेटरपेक्षाही थंड पडू शकतो. तिसरे कारण वारा: शीतयंत्राचे पंखे खोलीत सतत हवा खेळवत असतात आणि विणलेल्या कपड्यातली उबदार हवा ती सहज उडवून नेते. उणे 20 अंशांत ताशी 20 किलोमीटर वेगाने वारा वाहत असेल, तर उघड्या त्वचेला तो उणे 30 अंशांइतका बोचतो. पंख्यासमोरच्या रांगेत माल लावणारा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला, हे दोघे तापमापकावर एकाच थंडीत असले तरी त्यांची गरज सारखी नसते.

पुढे जे काही सांगितले आहे, ते सगळे या तीन कारणांवरूनच ठरते.

आधी कामाचे स्वरूप पाहावे

कपडे खरेदी करण्यापूर्वी खोलीचे तापमान, एका वेळी आत किती मिनिटे राहावे लागते आणि त्या वेळात अंगमेहनत किती होते, या तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. सतत खोकी उचलणारा माणूस स्वस्थ बसलेल्या माणसाच्या तिप्पट-चौपट उष्णता निर्माण करतो. त्यामुळे एकाच खोलीत फोर्कलिफ्ट चालवणारा, हातात स्कॅनर घेऊन मोजणी करणारा आणि पॅलेटवर खोकी रचणारा, या तिघांना एकाच जाडीचे सूट देणे ही काटकसर वाटली, तरी त्यात तिघांपैकी कोणाचेच नीट भागत नाही. रचणारा घामाने भिजतो, चालक कुडकुडतो आणि मोजणी करणाऱ्याचे पाय बधिर होतात.

ढोबळपणे असे म्हणता येईल की, शून्य ते दहा अंशांच्या खोलीत, म्हणजे फळे, भाज्या, दूध किंवा लसी ठेवण्याच्या जागी, मेहनतीचे काम करणाऱ्याला अंगालगतचा एक चांगला थर, त्यावर फ्लीसचे (पॉलिएस्टरच्या मऊ, केसाळ कापडाचे) किंवा लोकरीचे जाकीट आणि वाऱ्यासाठी पातळ बाहेरचा थर पुरेसा होतो. उणे 18 अंशांच्या खाली मात्र भरणाचे जाकीट आणि भरणाची पँट असा पूर्ण सूट हवा. वर जाड जाकीट आणि खाली रोजची पातळ पँट हा प्रकार आपल्याकडे फार दिसतो. मांड्या आणि पोटऱ्या हे शरीरातले मोठे स्नायू आहेत. ते गार पडले की पायांकडे जाणारे रक्तही गार होते आणि मग कितीही जाड पायमोजे घातले तरी उपयोग होत नाही.

अंगालगतचा थर

सगळ्यांत कमी पैसे आणि सगळ्यांत कमी विचार या थरावर खर्च होतो, आणि माझ्या मते सगळा खेळ इथेच बिघडतो. सुती बनियन ही आपल्या उकाड्यातली उत्तम सोय आहे, कारण कापूस घाम शोषतो आणि सावकाश वाळत अंगाला गारवा देतो. शीतगृहात नेमका हाच गुण नडतो. बाहेर धक्क्यावर माल उतरवताना भिजलेली बनियन घालून माणूस आत जातो आणि त्याच्या महागड्या जाकिटाच्या आत एक ओला, थंड कपडा छाती-पाठीला चिकटून राहतो.

म्हणून अंगालगत पॉलिएस्टरचा किंवा बारीक लोकरीचा विणलेला कपडा घालावा. पॉलिएस्टरचा तंतू स्वतः जवळजवळ पाणी शोषत नाही; घाम त्याच्या विणीतून बाहेरच्या पृष्ठभागावर पसरतो आणि लवकर उडून जातो. त्याला वास लवकर येतो हा त्याचा दोष आहे, तेव्हा तो रोज धुवावा लागतो. मेरिनोसारखी बारीक लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प धरूनही हाताला ओली लागत नाही आणि तिला वासही कमी येतो, पण ती महाग असते आणि रोजच्या घासाघाशीने लवकर विरते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी उबेला कितीही चांगली असली, तरी ती लोकर भरड आणि टोचरी असते; अंगालगत तिचा विचार करू नये.

दुकानात ‘थर्मल’ या नावाने मिळणारे कपडे डोळे झाकून घेऊ नयेत. त्यांपैकी बऱ्याच कपड्यांत कापसाचे प्रमाण मोठे असते. आतल्या पट्टीवर लिहिलेले घटक वाचावेत. खर्च झेपत नसेल तर गावच्या कबड्डी किंवा क्रिकेटच्या संघाला मिळते तशी पॉलिएस्टरची पूर्ण बाह्यांची जर्सी हा पहिला थर म्हणून सुती बनियनपेक्षा निश्चितच सरस ठरतो. हा थर अंगाला लागून असावा, पण त्याने काखेत किंवा जांघेत काचू नये. शिवणी चपट्या असाव्यात, कारण वरून जाड जाकीट आले की जाड शिवण दिवसभर एकाच जागी घासत राहते. पाळीच्या मध्यावर बदलण्यासाठी दुसरी कोरडी जर्सी डब्याबरोबर आणावी. जाड जाकीट घेण्याआधी हा उपाय करून पाहावा. अनेकांना नवीन जाकिटाची गरजच उरत नाही.

मधला आणि बाहेरचा थर

मधल्या थराचे काम हवा धरून ठेवणे एवढेच असते. फ्लीस हलके असते, ओले झाले तरी लवकर वाळते आणि हाताबरोबर ताणले जाते, म्हणून हालचालीच्या कामाला ते सोयीचे आहे. लोकरीचा स्वेटरही चालतो. फक्त त्याची वीण सैल असेल तर त्यावर वारा अडवणारा थर असणे आवश्यक आहे. ज्याला तासाभरात अनेकदा आत-बाहेर करायचे आहे, त्याने डोक्यातून घालायचा स्वेटर टाळून पुढून पूर्ण उघडणारे जाकीट घ्यावे. बिनबाह्यांचे भरणाचे जाकीट हा एक चांगला मधला मार्ग आहे. त्यात छाती आणि पाठ उबदार राहतात आणि हात मोकळे राहतात.

बाहेरच्या थरात पिसांचे भरण टाळावे. कोरड्या थंडीत पिसे अतिशय उबदार असली, तरी ती घामाने आणि दवाने ओली होऊन गोळा होतात आणि खोक्यांच्या दाबाखाली चेपून जातात. पॉलिएस्टरचे भरण वजनाला थोडे जास्त असते, पण ओल सोसते आणि धुता येते. भरणाचा दर्जा पाहण्यासाठी जाकिटावर मूठ दाबून धरावी आणि सोडावी. कापड लगेच फुगून वर आले तर भरण जिवंत आहे असे समजावे. रांगा मारलेल्या शिवणींतून वारा आत येतो, म्हणून शिवणींची जाळी बाहेरच्या कापडावर आरपार दिसत असेल, तर त्यामागे वारा अडवणारे अस्तर आहे का, हे विचारावे.

बाहेरच्या कापडावर रबरासारखा किंवा रेक्झिनसारखा लेप असेल, तर सावध राहावे. असे कापड वारा अडवते, पण घामाची वाफही अडवते, शिवाय थंडीत ते कडक होते. पीव्हीसीचा साधा लेप उणे तापमानात इतका ताठ होऊ शकतो की, कोपर वाकवताना जाकीट हाताला विरोध करते. दुकानातल्या उबदार हवेत हे मुळीच कळत नाही. यावर एक सोपी घरगुती चाचणी आहे. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा, तो वेगळ्या दाराचा असेल तर, साधारण उणे 18 अंशांना चालतो. म्हणजे ती एक छोटी शीतगृहाची खोलीच हाताशी असते. हातमोजा, बुटाचा सुटा तळ किंवा जाकिटाच्या कापडाचा नमुना पिशवीत घालून रात्रभर तिथे ठेवावा आणि सकाळी बाहेर काढताक्षणी दुमडून पाहावा. तो पुठ्ठ्यासारखा कडकडला किंवा घडीवर पांढरी रेघ उमटली, तर तो माल घेऊ नये. कारखान्यासाठी एकगठ्ठा खरेदी करणाऱ्यांनी तर नमुन्यावर ही चाचणी केल्याशिवाय मागणी नोंदवूच नये.

चेन मोठ्या दातांची आणि प्लास्टिकची असावी. धातूची चेन गोठते आणि हनुवटीला चटका देते. चेनच्या टोकाला हातमोजे घातलेल्या बोटांना धरता येईल असा लांब पट्टा असावा आणि चेनच्या मागे गळ्यापर्यंत कापडाची पट्टी असावी. कंबर आणि मनगट यांना विणलेली किंवा वेल्क्रोची पट्टी असली म्हणजे वाकल्यावर खालून वारा शिरत नाही. खाद्यप्रक्रियेच्या जागी आणखी एक बंधन असते: कंबरेच्या वर बाहेरचे खिसे आणि सुटी बटणे सहसा चालत नाहीत, कारण त्यांतून वस्तू मालात पडू शकते. तंतू सुटणारे फ्लीसही तिथे सर्वांत वर घालू नये.

हालचालीची परीक्षा

जाकीट आरशासमोर ताठ उभे राहून घालून पाहिले, तर ते प्रत्येकालाच बरे दिसते. कामाचे कपडे घालून काम करून पाहावे लागते, आणि तेही आतले सगळे थर घातलेले असताना. दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावेत. जाकिटाची खालची कड कंबरेच्या वर सरकली आणि पाठ उघडी पडली, तर जाकीट आखूड आहे किंवा त्याच्या काखेचा घेर चुकला आहे. हात समोर करून मोठे खोके कवटाळल्यासारखे धरावे. पाठीवर ताण आला किंवा बाही मनगटाच्या वर गेली, तर एक माप मोठे घ्यावे किंवा पाठीवर चुण्या असलेले जाकीट शोधावे. उकिडवे बसून उठावे. त्या वेळी गुडघ्यावर आणि मागे बसण्याच्या जागी कापड ताणले गेले नाही पाहिजे, कारण ताणलेल्या जागी भरण चेपते आणि तीच जागा आधी गार पडते. शेवटी ट्रकच्या फळीवर पाय ठेवण्याइतका गुडघा वर उचलावा. खांद्यावरून पट्टे जाणारी डांगरीसारखी पँट यासाठी फार चांगली, कारण ती वाकल्यावर खाली घसरत नाही आणि कंबर घट्ट आवळावी लागत नाही. तिच्या पट्ट्यांत थोडे इलास्टिक असावे.

शिवण पाहताना कोपर आणि गुडघ्याची बाजू आधीच किंचित वाकवून शिवलेली आहे का आणि काखेत व दोन्ही पायांच्या मध्ये जादा कापडाचा तुकडा लावला आहे का, हे पाहावे. हे दोन गुण असलेला मध्यम जाडीचा सूट सरळ शिवलेल्या जाड सुटापेक्षा कामाला अधिक उपयोगी पडतो. गावातल्या चांगल्या शिंप्याकडून असा तुकडा नंतरही लावून घेता येतो, मात्र भरण कापले गेलेली शिवण आतून पट्टीने बंद करून घ्यावी.

स्त्री कामगारांच्या बाबतीत ही परीक्षा अधिक काटेकोरपणे करावी लागते, कारण द्राक्षांच्या पॅकहाऊसपासून रत्नागिरीच्या कोळंबी प्रक्रिया केंद्रांपर्यंत स्त्रियांची संख्या मोठी आहे आणि त्यांना दिलेले सूट मात्र बहुधा पुरुषांच्या मापांचे असतात. खांदा मोठा असला की बाही बोटांवर येते, ती वर दुमडली की तिथे भरण चेपते आणि वाकताना पुढे कापडाचा फुगा होतो. पुरुषांचे लहान माप घेतले, तर नितंबाजवळ घट्ट होते. शक्य असेल तिथे स्त्रियांच्या मापाचेच सूट मागवावेत. साडी नेसून काम करायचे असेल, तर तिच्या आत पूर्ण लांबीची थर्मल पँट घालावी, पण ओल्या फरशीच्या जागी साडीचा काठ भिजतो आणि ट्रॉलीच्या चाकात पदर किंवा निऱ्या अडकण्याचा धोका असतो, म्हणून उणे तापमानाच्या खोलीत सलवार किंवा ट्रॅक पँट हीच योग्य. हातातल्या बांगड्यांमुळे जाकिटाचे मनगट बंद होत नाही. अंगठ्या आणि जोडवी घट्ट मोजा-बुटात बोटाला दाबतात. हे दागिने पाळीपुरते काढून ठेवता येतील, अशी कुलूपबंद जागा कारखान्याने दिली, तर स्त्रिया ते काढतात. जागा नसेल तर कोणी का काढावेत?

हात

हातांच्या बाबतीत ऊब आणि कौशल्य यांचे भांडण कधीच पूर्ण मिटत नाही. बोटांच्या त्वचेचे तापमान 15 अंशांच्या खाली गेले की बारीक कामातली सफाई कमी होऊ लागते, आणि त्याच वेळी जाड मोज्यामुळेही ती कमी होते. त्यामुळे एकच सर्वगुणसंपन्न मोजा शोधण्यापेक्षा दोन थर वापरावेत: आत पातळ विणलेला मोजा आणि वर भरणाचा, सैल, सहज काढता येणारा मोजा. लेबल लावणे, पेनने लिहिणे किंवा स्कॅनरची कळ दाबणे यासाठी फक्त वरचा मोजा काढावा. उघडा हात उणे तापमानातल्या लोखंडी कपाटाला किंवा ट्रॉलीच्या दांड्याला क्षणभरही लावू नये. ओलसर त्वचा धातूला चिकटते आणि काही सेकंदांत इजा होते. ज्याला बोटे स्वतंत्रपणे वापरायची नाहीत, त्याने अंगठा वेगळा आणि चार बोटे एकत्र असलेला मोजा घ्यावा, कारण तो पाच बोटांच्या मोज्यापेक्षा बराच उबदार असतो.

मोजा कधीही घट्ट घेऊ नये. मूठ वळवल्यावर बोटांच्या टोकाशी थोडी जागा राहिली पाहिजे. तळहातावर पकड देणारा खरखरीत लेप असावा, म्हणजे खोके धरण्यासाठी जोर कमी लावावा लागतो. मासळीच्या ओल्या कामात आत पातळ लोकरी किंवा पॉलिएस्टरचा मोजा आणि वर पाणी न शिरणारा लांब रबरी मोजा घालावा. काम हात खाली ठेवून असेल, तर बाही मोज्याच्या वर असावी, म्हणजे पाणी ओघळून बाहेर पडते. हात डोक्याच्या वर जात असतील, तर मोज्याची कड बाहीच्या वर घ्यावी. आतल्या मोज्यांचे किमान दोन जोड जवळ असावेत आणि एक जोड नेहमी कोरड्या जागी वाळत असावा.

पाय

पायांना थंडी मुख्यतः खालून लागते. गोठलेल्या खोलीतली काँक्रीटची फरशी खोलीइतकीच थंड असते आणि उभ्या माणसाची उष्णता ती तळव्यातून सतत ओढून घेत असते. म्हणून बुटाच्या वरच्या भागातल्या अस्तरापेक्षा तळाची जाडी आणि आतला सुटा पॅड जास्त महत्त्वाचा असतो. फेल्टचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा, जाड पॅड घ्यावा, पण बूट विकत घेतानाच तो पॅड आणि जाड मोजा घालून माप ठरवावे. नेहमीच्या मापाच्या बुटात दोन जोड मोजे कोंबणे हा पाय गोठवण्याचा हमखास मार्ग आहे, कारण त्याने स्थिर हवाही जाते आणि रक्तप्रवाहही अडतो. बोटे बुटात मोकळी हलली पाहिजेत. एक चांगला लोकरी मोजा दोन सुती मोज्यांना भारी पडतो.

साधा रबरी गमबूट उणे तापमानात कडक होतो, त्याचा तळ घसरतो आणि आतला घाम बाहेर पडत नाही. पॉलियुरेथेनचा तळ थंडीत तुलनेने लवचीक राहतो आणि वजनालाही हलका असतो. सुरक्षेच्या बुटावर ‘सीआय’ ही अक्षरे छापलेली असतील, तर तळातून येणाऱ्या थंडीसाठी तो तपासला गेला आहे असे समजावे. मधुमेह असलेल्यांनी पायांबद्दल अधिक दक्ष राहावे. पायाची संवेदना आधीच कमी असेल, तर बोटे गोठू लागल्याचे कळत नाही, म्हणून प्रत्येक सुट्टीत मोजे काढून बोटांचा रंग पाहावा. बोटे पांढरी आणि बधिर झाली असतील, तर ताबडतोब थंडीतून बाहेर येऊन ती कोमट जागी आणावीत. ती चोळू नयेत आणि विस्तवावर शेकू नयेत.

डोके, कान आणि गळा

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हा समज खरा नाही. डोके शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा भाग आहे आणि उघडे असेल, तर उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात जाते. तरीही कान आणि नाक लवकर गोठतात, म्हणून ते झाकलेच पाहिजेत. आपली जुनी माकडटोपी कान-गाल चांगले झाकते, मात्र ती जाड असेल तर फोर्कलिफ्टचा भोंगा नीट ऐकू येत नाही. हेल्मेट वापरायचे असेल, तर त्याखाली पातळ, अंगाबरोबर बसणारी टोपी घालावी. जाड टोपीवर ठेवलेले हेल्मेट डोक्यावर टिकत नाही. जाकिटाची टोपी बाजूचे दिसणे अडवते, म्हणून वाहने फिरतात तिथे ती वापरू नये. मफलरची सुटी टोके यंत्रात अडकतात. त्याऐवजी डोक्यातून घालायची गोल गळपट्टी घ्यावी.

लेबल कसे वाचावे

जाकिटावर नुसते ‘उणे 30 अंश’ असे लिहिलेले असेल, तर त्याला फारसा अर्थ नाही, कारण किती मेहनत करणाऱ्याला आणि किती वेळ, हे त्यात सांगितलेले नसते. युरोपीय मानकांप्रमाणे तपासलेल्या सुटावर ‘ईएन 342’ हा क्रमांक असतो. तो उणे 5 अंशांच्या खालच्या कामासाठी आहे, तर ‘ईएन 14058’ हा त्याहून सौम्य थंडीसाठी आहे. हातमोज्यांवरच्या ‘ईएन 511’ या क्रमांकाखाली तीन आकडे असतात: पहिला हवेतल्या थंडीसाठी, दुसरा थंड वस्तूला हात लावताना लागणाऱ्या थंडीसाठी आणि तिसरा पाण्यासाठी. पहिल्या दोन्ही आकड्यांची मोजपट्टी शून्य ते चार अशी आहे. गोठलेली खोकी हाताळणाऱ्याने दुसरा आकडा आधी पाहावा. अनेक जण पहिलाच पाहून मोजा घेतात.

वाळवणे आणि निगा

पुष्कळ शीतगृहांत दाराशी खुंटीवर चार-पाच जाकिटे टांगलेली असतात आणि जो आत जाईल तो हाताला लागेल ते घालतो. एकाच्या घामाने ओले झालेले जाकीट दुसऱ्याला थंडच लागणार. पैशांअभावी जाकिटे सामाईक ठेवावी लागली, तरी टोपी, आतले मोजे आणि पायमोजे ज्याचे त्याचे असावेत.

पावसाळ्यात आणि कोकणपट्टीत तर वर्षभर आणखी एक अडचण येते. उणे तापमानातून बाहेर आलेल्या थंड जाकिटावर दमट हवेतले बाष्प दव होऊन बसते आणि पुन्हा आत गेल्यावर ते कापडात गोठते. त्यामुळे पाच-दहा मिनिटांसाठी बाहेर यायचे असेल, तर जाकीट घालून चहाच्या टपरीपर्यंत जाऊ नये. ते मधल्या गार खोलीतच काढून ठेवावे. जेवणाच्या सुट्टीत किंवा पाळी संपल्यावर मात्र ते पंखा चालू असलेल्या कोरड्या खोलीत, आतली बाजू बाहेर करून टांगावे. बुटातले पॅड रोज काढून वेगळे वाळवावेत आणि बुटात वर्तमानपत्राचे कागद कोंबावेत. चुलीजवळ किंवा हीटरला टेकवून काहीही वाळवू नये, कारण पॉलिएस्टर वितळते आणि बुटाचे चिकटवलेले तळ सुटतात.

धुताना कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये. त्याचा थर तंतूंवर बसला की घाम पसरवण्याचा गुण कमी होतो. लोकर पिळू नये. दर हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक जाकीट उजेडासमोर धरून पाहावे: खांदे आणि कोपर या जागी भरण सरकून प्रकाश आरपार दिसत असेल, तर ते जाकीट गोठवणाऱ्या खोलीतून काढून फळांच्या खोलीसाठी वापरावे आणि आतल्यांसाठी नवीन मागवावे.